कष्टाळू शेतकऱ्याची संपत्ती (कादंबरीतील)

राबराबून श्रीमंत झालेल्या शेतकरी-नायकाचा आपल्या मालमत्तेवर न्याय्य हक्क ठरतो का, हा कादंबरीच्या चर्चेत पुन्हा पुन्हा निघणारा प्रश्न. पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ (1931) या चीनमधील ग्रामजीवनावरील कादंबरीत तो लख्खपणे समोर येतो.

नायक वांग लुंग पै-पै साठवून ह्वांग या जमीनदार घराण्याची जमीन थोडी थोडी विकत घेतो. इथवरची कमाई घामाची. मात्र त्यातही बाळंतपणाच्या दिवशीच पुन्हा शेतात उतरणाऱ्या ओलानचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, घाम मिसळलेला आहे. पुढे दुष्काळ पडतो. कुटुंब दक्षिणेच्या शहरात जाते. तो रिक्षा ओढतो, बायको-मुले भीक मागतात. दंगलीत श्रीमंतांचा वाडा फुटतो तेव्हा एक घाबरलेला धनिक जीव वाचवण्यासाठी वांग लुंगला सोने देतो. ओलानला भिंतीतल्या विटेमागे दडवलेली रत्ने सापडतात. गावी परतल्यावरची मोठी जमीनखरेदी याच रत्नांच्या जोरावर होते. त्यांतले दोनच मोती ओलान स्वतःसाठी मागून घेते. नवरा पुढे तेही काढून नव्या बाईला देतो. त्याच्या कष्टांविषयी शंका घेता येत नाही, पण ही संपत्ती त्याच्या एकट्याच्या कष्टांची म्हणणे ओलानवर अन्याय आहे.

नुसत्या कष्टांनी किती संपत्ती साठते, याचे उत्तर कादंबरीबाहेर, बाजारातल्या विक्रीच्या पट्टीवर (पावतीवर) मिळते. बंगळूरच्या यशवंतपूर बाजार समितीत कांद्या-बटाट्याचा मोठा व्यापार चालतो. नोव्हेंबर 2022 मध्ये गदग जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सुमारे 415 किलोमीटरवरून तिथे 205 किलो कांदा आणला. क्विंटलला 200 रुपये भाव लागला; झाले 410 रुपये. त्यातून गाडीभाडे 377 रुपये 64 पैसे आणि हमाली 24 रुपये वजा जाता हातात पडले 8 रुपये 36 पैसे. बियाणे, खत, काढणीची मजुरी यांचा हिशेब या पट्टीत येतच नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या 512 किलो कांद्याचे खर्च वजा जाता अडीच रुपयेही झाले नाहीत. हे शेतकरी आळशी होते, असे कोण म्हणेल?

महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) मध्ये राबणाऱ्याची कमाई सरकारी अंमलदार, भटशाही आणि सावकार यांच्याकडे कशी जाते, हे उलगडून दाखवले. चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी नेते शरद जोशी यांनी उत्पादनखर्चावर आधारित रास्त भावाची मागणी पुढे आणली. या दोघांच्या विचारांनंतर शेतकऱ्याच्या गरिबीचे खापर त्याच्या आळसावर फोडता येत नाही. त्याच्या श्रीमंतीचे सगळे श्रेयही मग कष्टांना देता येणार नाही.

शिवराम कारंत यांच्या ‘चोमन दुडी’ (1933) या कन्नड कादंबरीत मालमत्तेवरील हक्काचा हा प्रश्न जमीन मिळण्याआधीच अडतो. वेठीला बांधलेल्या चोमाकडे बैलजोडी आहे, अंगात बळ आहे. पण तो अस्पृश्य ठरवलेल्या जातीतला, म्हणून कसायला जमीन मिळत नाही. संपत्तीची पात्रता ठरवणाऱ्या प्रत्येक चर्चेत वांग लुंगच्या शेजारी चोमाला बसवायलाच हवे.