आगबोटीचा थांबा आणि मासळीची वेळ

पुण्याच्या दक्षिण अंगाची बिबवेवाडी ही एके काळीं शहराबाहेरची लहानशी वाडी. आज ती शहराच्या पोटांत गेली आहे. तेथून समुद्र पाहावयाचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. तरीही रविवारीं सकाळीं तेथील मासळीच्या दुकानापुढें गर्दी असतेच. बर्फाच्या चुऱ्यांत पापलेट, सुरमई आणि बांगडे ओळीनें मांडलेले असतात. घेणारा भाव विचारतो, मासा ताजा आहे ना म्हणून विचारतो, परंतु "हा मासा कोणत्या बंदराचा?" असें क्वचितच कोणी विचारतें, आणि विचारलें तरी विकणाऱ्याला त्याचें उत्तर देतां येईलच असें नाहीं. रात्रीं मालमोटारी घाट चढतात, गणेश पेठेच्या घाऊक बाजारांत माल उतरतो आणि तेथून तो उपनगरांत वांटला जातो. ह्या वाटेंत कोठें तरी बंदराचें नांव गळून पडतें.

शंभर वर्षांपूर्वीं कोंकणच्या किनाऱ्यावर ह्याच्या नेमकें उलट होतें. ताजा मासा फारसा प्रवास करीत नसे. प्रवास करी तो खाणारा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी दक्षिणेस निघत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें असे थांबे घेत घेत त्या पणजीकडे जात. गिरणींत राबणारा कामगार, कचेरींतील कारकून, माहेरीं निघालेली सासुरवाशीण आणि परीक्षा संपवून घरीं परतणारा विद्यार्थी ह्या सर्वांचा हाच राजमार्ग होता. बहुतेक ठिकाणीं आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही, भोंगा वाजे, आणि किनाऱ्यावरून पडाव येऊन माणसें, पेट्या व बोचकीं उतरवून नेत. पुढें जाणारा प्रवासी कठड्यावरून बंदर पाही: माडांची रांग, एखाद्या किल्ल्याचा बुरूज, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. त्याला बंदर दिसे, पण बंदराची चव मिळत नसे. ती मिळे पडावांत उतरणाऱ्याला.

ही वाहतूक बारमाही नव्हती. पावसाळ्याच्या तोंडाशीं समुद्र खवळूं लागला कीं दक्षिणेकडील आगबोटी बंद होत आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हां सुरू होत. मासेमारीचेंही वेळापत्रक तेंच. श्रावणांत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी होड्या पाण्यांत लोटीत. म्हणजे ज्या सुमारास मुंबईकर चाकरमान्याला घरची वाट मोकळी होई, त्याच सुमारास त्याच्या गांवच्या किनाऱ्यावर ताजी मासळी लागूं लागे. पावसाळ्यांत विसावा मिळालेला समुद्र त्या दिवसांत उदार असे, आणि कोंकणच्या माणसाच्या मनांत आगबोटीचा पहिला भोंगा व पहिल्या बांगड्यांचें कालवण हीं एकत्र बांधलीं गेलीं होतीं.

ऋतूचें असें जुळलें, तरी घटकेचें मात्र जुळत नसे. आगबोट कोणत्या बंदराला केव्हां लागेल हें कंपनीच्या पत्रकांत छापलेलें असे. मासळी केव्हां लागेल हें भरतीओहोटी, वारा आणि चंद्राची कला ह्यांवर ठरे, आणि तें पत्रक कोठेंच छापलेलें नसे. तें कोळ्याच्या डोक्यांत आणि कोळिणीच्या जिभेवर असे. बंदरांत उतरलेल्या अनोळखी माणसाला चांगली मासळी मिळणें किंवा न मिळणें हें त्याच्या खिशावर जितकें अवलंबून असे, त्याहून अधिक हें दुसरें वेळापत्रक जाणणारें कोणी त्याला भेटतें कीं नाहीं ह्यावर अवलंबून असे.

शिवाय हें ज्ञान एका बंदराचें दुसऱ्या बंदरीं चालत नसे. मुंबईच्या उत्तरेस, सातपाटीपासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत, समुद्र उथळ आहे आणि भरतीओहोटीचा ओघ जोराचा आहे. तेथें डोल नांवाचें पिशवीसारखें जाळें ओघाच्या तोंडीं रोवून ठेवितात आणि पाण्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी व मांदेली त्यांत येऊन पडतात. म्हणून बोंबील हा उत्तरेचा मासा. जसजसें दक्षिणेस जावें तसतसा तो विरळ होतो, आणि मालवणास जाऊन ताज्या बोंबलाचा हट्ट धरणें हें काश्मिरांत जाऊन हापूस आंबा मागण्यासारखें आहे.

हर्णैस सुवर्णदुर्गाच्या समोर, उघड्या वाळूवरच लिलाव भरतो. होड्या उथळ पाण्यांत थांबतात आणि तेथून मासळीच्या पाट्या बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येतात. बैल पोटापर्यंत समुद्रांत उभे असलेले पाहून घाटावरच्या माणसाला नवल वाटतें. भावाची बोली चढते, उतरते, आणि घटकाभरांत वाळू रिकामी होते. जो ह्या घटकेला हजर, त्याची मासळी.

मालवण-वेंगुर्ल्याकडे किनारा लांब व वाळूचा. तेथील रीत रापणीची. एक होडी शेंकडों हात लांबीचें जाळें घेऊन अर्धवर्तुळ काढीत समुद्रांत जाते व परत किनाऱ्याला लागते. मग जाळ्याचीं दोन्ही टोंकें वाळूवर उभ्या असलेल्या माणसांनीं ओढावयाचीं. ह्या कामाला दोनचार हात पुरत नाहींत. सारा वाडा लागतो. आलेल्या मासळीचे वांटे पडतात. होडीचा वांटा, जाळ्याचा वांटा, ओढणाऱ्यांचा वांटा. आणि सहज येऊन दोरीला हात लावणाराही सहसा रिकाम्या हातानें परतत नाहीं. रापणींत येणारे बांगडे, तारल्या आणि पेडवे हें त्या भागाचें खरें अन्न. मुंबईची सुरमई तेथें इसवण होते आणि पापलेटाला सरंगा म्हणतात; पण इसवण-सरंगा हें पाहुण्याचें ताट. रोजच्या ताटांत बांगडा असे, आमसुलाच्या आंबटपणांत आणि तिरफळाच्या झणक्यांत शिजलेला. आणखी खालीं गोव्यांत गेलें कीं तोच बांगडा निराळा होतो. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली मिरची माडाच्या सुरेच्या शिरक्यांत वाटून त्याच्या पोटांत भरतात. मासा एकच, पण बंदरागणिक त्याचा स्वभाव बदलतो.

ही चव मुंबईला कशी न्यावयाची हा चाकरमान्यापुढचा प्रश्न होता. बर्फ दुर्मिळ होता, तेव्हां ताजी मासळी आगबोटींतून नेणें शक्य नव्हतें. नेत असत ते सुके बांगडे, सोडे आणि सुकट. मीठ ही त्या काळीं साधी वस्तु नव्हती. ब्रिटिश अमदानींत मिठावर कर होता, आणि मासे खारविण्यासाठीं सवलतीचें मीठ देणारीं सरकारी आवारें किनाऱ्यावर ठेवावीं लागत. परतीच्या आगबोटींतल्या बोचक्याला येणारा तो उग्र वास सहप्रवाशांना कदाचित् नकोसा होत असेल. परंतु गिरणगांवांतल्या खोलींत तें बोचकें सुटलें कीं पावसाळ्याची बेगमी झाली, असें घरांतल्या बाईला वाटे.

आगबोट आणि कोळ्याची होडी ह्यांचें नातें केवळ जेवणाचें नव्हतें. 17 जुलै 1947 रोजीं, भर पावसाळ्यांत, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या दिवशीं मासळी घेऊन मुंबईस निघालेल्या रेवसकडच्या कोळ्यांनीं होड्यांतील मासळी समुद्रांत टाकून दिली आणि त्या जागीं बुडणारीं माणसें घेतलीं, असें त्या दुर्घटनेच्या हकिगतींत सांगितलें जातें. मासळी हेंच ज्यांचें धन, त्यांनीं तें धन पाण्यांत लोटून दिलें. बंदरावर भाव करतांना कोळिणीशीं दोन पैशांसाठीं वाद घालणाऱ्यानें ही हकिगत विसरूं नये.

पुढें काळ बदलला. स्वातंत्र्यानंतर रस्ते झाले, एस. टी. गांवोगांव पोंचली आणि मधलीं बंदरें एकेक करून आगबोटींच्या पत्रकांतून गळालीं. 1998 सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, आणि ज्या प्रवासाला आगबोट लागे तो रुळांवरून होऊं लागला. इकडे होड्यांना यंत्रें बसलीं, बर्फाचे कारखाने निघाले, ट्रॉलर आले. मासा आतां दूर जाऊं लागला आणि त्याच्या मागोमाग त्याची किंमतही. परंतु यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळचा समुद्र खरवडूं लागल्या तेव्हां रापणकरांच्या जाळ्यांत येणारा बांगडा घटला. ह्या कलहांतूनच महाराष्ट्रांत 1981 चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला आणि 2016 सालीं पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. आज पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याच्या जुन्या रीतीचीच ही सरकारी आवृत्ति होय. 2023 सालीं महाराष्ट्रानें पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. मान देण्याची वेळ आली, कारण लहान लहान पापलेटें पकडलीं जाऊन त्याचा वंशच धोक्यांत आला होता.

समुद्रमार्गाचा प्रवास मात्र अगदींच संपला नाहीं. तो हौसेचा झाला. 2018 सालीं 'आंग्रिया' ही प्रवासी बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली आणि सुमारें दीड वर्ष चालली. ती संध्याकाळच्या सुमारास निघून दुसऱ्या दिवशीं सकाळीं पोंचे. मधलीं जुनीं बंदरें रात्रीच्या अंधारांत मागें पडत. परदेशांतून येणारीं मोठीं पर्यटक-जहाजें मुंबईस आणि मुरगांवास लागतात व प्रवाशांना कांहीं तासांची मोकळीक देतात. त्या कांहीं तासांत चांगली स्थानिक मासळी कशी शोधावी, हा प्रश्न ह्या नव्या प्रवाशापुढेंही तसाच उभा आहे. मुंबईचा ससून डॉक 1875 सालीं बांधला गेला तो कापसाच्या व्यापारासाठीं. आज तेथें पहाटेच मासळीचा लिलाव होतो. जहाजावरचा प्रवासी न्याहारी आटोपून खालीं येईपर्यंत तो आटोपलेला असतो. जपानांतील टोकियोच्या मोठ्या बाजारांतही लिलाव उजाडण्यापूर्वींच उरकतो. मासळीचा बाजार कोणत्याच देशांत पाहुण्यासाठीं थांबत नाहीं.

म्हणून जुन्या उतारूंची रीत आजही उपयोगाची आहे. ती अशी कीं, खानावळींत शिरल्यावर "काय आहे?" असें न विचारतां "आज काय आलें?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर फलकावर लिहिलेलें असतें, आणि तें मुंबईपासून मुरगांवपर्यंत बहुधा एकच असतें: सुरमई, पापलेट, कोळंबी. तो मासा बर्फांतून दुसऱ्याच बंदराहून आलेला असण्याचा संभव पुष्कळ. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाला खानावळवाल्याला किनाऱ्याकडे पाहावें लागतें. मग कधीं मुडदुशे निघतात, कधीं तिसऱ्या, कधीं लेपी, कधीं साधे बांगडे. कल्ले लाल आहेत का, डोळे भरलेले व चकचकीत आहेत का, अंगाला बोट लावल्यास खळगा पडून राहतो का, पापलेटाच्या कल्ल्याजवळ दाबल्यास पांढरें पाणी येतें कीं तांबूस, ह्या परीक्षा कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहेत. पण त्या सर्वांच्या आधीं तो एक प्रश्न येतो.

ह्या प्रश्नांत केवळ जिभेचा लाभ नाहीं. खाणारे सर्वच सुरमई-पापलेट मागूं लागले तर सारा समुद्र त्या दोन माशांसाठीं उपसला जाईल. तारली, पेडवे ह्यांना गिऱ्हाईक उरणार नाहीं, आणि त्यांवर जगणारी रापण, तिची दोरी ओढणारा वाडा आणि वांटे पाडण्याची ती जुनी न्यायबुद्धि हीं सर्व एकाच वेळीं नाहींशीं होतील. किनाऱ्यावर जें त्या दिवशीं येतें तें आदरानें खाणारा मनुष्य त्या किनाऱ्याचा पाहुणा न राहतां भागीदार होतो. त्यानेंही जणूं दोरीला हात लावलेला असतो.

बिबवेवाडीच्या दुकानापुढें उभ्या असलेल्या गृहस्थाला कोणतीही आगबोट दिसत नाहीं, भोंगा ऐकूं येत नाहीं. परंतु त्याच्या पिशवींत पडणारा बांगडा कोणत्या तरी बंदरांत, कोणत्या तरी पहाटे उतरलेला असतो. त्यानें एवढेंच विचारावें, "हा कोणत्या बंदराचा? आज आणखी काय आलें?" पहिल्या दिवशीं विकणारा हंसेल. चार रविवार तोच प्रश्न कानीं पडल्यावर पांचव्या रविवारीं तो घाऊक बाजारांतच चौकशी करून येईल. आणि मग वाटेंत गळून पडलेलें तें नांव, हर्णै म्हणा, मालवण म्हणा, घाट चढून पुन्हां पुण्यास पोंचेल.