सक्ती कोणावर?

'सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण' हे शब्द आपल्या कानांना इतके सवयीचे झाले आहेत की, त्यांतील सक्ती करणारा कोण आणि ती सोसणारा कोण, हा व्याकरणातील अगदी पहिल्या इयत्तेचा प्रश्न कोणी विचारीत नाही. कायद्याला मात्र तो टाळता येत नाही. जेथे सक्ती आहे तेथे कसूर करणारा कोणीतरी असावाच लागतो, आणि कसूर कोणाची हे एकदा ठरले की शाळेच्या हजेरीपत्रकाचा अर्थच बदलतो. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडील शिक्षणविषयक कायद्यांनी या प्रश्नाला जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. त्यात मोठी नावे येतील. परंतु माझी नजर राहील ती शाळेच्या कार्यालयात बसलेल्या मुख्याध्यापकावर, कारण उत्तर बदलले की नवी नोंदवही येऊन पडते ती त्याच्याच मेजावर.

हंटर आयोगापुढे १८८२ साली निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मागितले होते. इंग्रज सरकारने ते केले नाही. सक्तीचा पहिला प्रयोग झाला तो संस्थानी मुलखात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात तो करून पाहिला आणि १९०६ साली सगळ्या राज्याला लागू केला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली तसाच हुकूम काढला, व मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आमच्या होळकरशाहीत शिवाजीराव महाराजांनी १८९१ साली महाविद्यालय काढले, ही इंदूरकरांना अभिमानाची गोष्ट खरीच. तरी शिक्षणाचे पाणी कळसावरून खाली झिरपू द्यावे की पायथ्याशीच विहीर खणावी, या वादात बडोदे व कोल्हापूर यांनी विहीर खणली, हेही इंदूरकराने मान्य केले पाहिजे.

या दोन्ही संस्थानांत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो बाप. मूल गुरे राखायला गेले, दंड बापाला. ते घरी धाकट्या भावंडाला सांभाळीत राहिले, तरी दंड बापालाच. आणि गैरहजेरीचा पुरावा देणारा साक्षीदार म्हणजे शाळामास्तर.

नामदार गोखल्यांचे विधेयक याच जातीचे होते, पण त्यात हिशेबी माणसाचा हात दिसतो. अंकगणिताचे पुस्तक लिहिणाऱ्या या गृहस्थाने १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात जो मसुदा मांडला, त्यात सक्ती एकदम सगळ्या देशावर नव्हती. ज्या गावी ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, आणि तेथील नगरपालिका किंवा लोकल बोर्ड मागेल तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना ती लागू व्हावयाची होती. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने व दोन तृतीयांश सरकारने सोसावा. ज्याचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी त्याच्याकडून फी घेऊ नये. हजेरीवर देखरेख ठेवायला गावोगाव समित्या असाव्यात. इतके जपून लिहिलेले विधेयकही मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आज ते वाचताना मनात येते की, सरकारला भीती बापाला होणाऱ्या दंडाची नव्हतीच. भीती होती ती त्या दोन तृतीयांशाची. बापावर सक्ती करायची तर सरकारला शाळा काढावी लागते, आणि शाळेला पैसा लागतो, हे मंडळातील अधिकारी सभासदांना गोखल्यांइतकेच चांगले समजत होते.

विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील तो पहिला. त्यानंतर १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला, आणि येथून आपल्या कथानायकाचे हाल सुरू होतात. या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती, म्हणजे निवडून आलेल्या स्कूल बोर्डांच्या हाती दिला. लोकशाहीच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण शिक्षकाची बदली, नेमणूक आणि बढती ही गावच्या राजकारणातील नाणी झाली. कालपर्यंत वर्षातून एकदा येणाऱ्या दिपोटीची धास्ती बाळगणारा मास्तर आता बोर्डाच्या प्रत्येक सभासदाची मर्जी राखू लागला. म्हणून खेर मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ साली, दुरुस्ती झाली; बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर ठरला व तपासणीचे काम सरकारने परत घेतले. पुढे १९४७ च्या कायद्याने ही घडी कायम केली. जबाबदारी खाली आणि अधिकार वर, अशी ती घडी होती, आणि मला वाटते ती आजतागायत पुरती मोडलेली नाही.

आमच्या कोकणी वाचकांना हे दुसऱ्या एका उदाहरणाने सांगतो. देवस्थानचा मुखत्यार कसा असतो ते त्यांना ठाऊक आहे. पालखीत कमी पडले, दिव्याचे तेल संपले, अग्रशाळेचे छप्पर गळले, तर महाजन विचारणार त्याला. पण मोठा खर्च करायचा तर मंजुरी वरून यायची. सरकारी शाळेचा मुख्याध्यापक हा असाच मुखत्यार आहे. फरक इतकाच की, त्याच्या देवाला रोज मध्यान्हभोजन लागते आणि महाजन दरवर्षी नवे येतात.

स्वातंत्र्यानंतर संविधान सभेत या प्रश्नाला वेगळे वळण मिळण्याचा क्षण आला होता, तो हुकला. मूळ मसुद्यात प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाला हक्कदार आहे, अशी वाक्यरचना होती. २३ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत लक्ष्मीकांत मैत्र यांनी हरकत घेतली की, राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत हक्काची भाषा बसत नाही. हरकत मान्य झाली आणि हक्क गळाला. उरले ते राज्याने प्रयत्न करण्याचे आश्वासन. मात्र वयोमर्यादा अकरापर्यंत खाली आणण्याची सूचना डॉ. आंबेडकरांनी मानली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात ठेवता येणार नाही असे संविधानच म्हणते, तर त्या वयात ते शाळेत असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. अशा रीतीने अनुच्छेद ४५ सिद्ध झाला आणि दहा वर्षांची मुदत पडली. ती मुदत १९६० च्या जानेवारीत संपली. शाळेबाहेरची मुले बाहेरच होती. त्या सभेत मध्य भारताच्या वतीने आमचे तात्यासाहेब सरवटे होते, आणि त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ सालीच इंदुरात बाल निकेतनाचे काम आरंभिले होते. राज्याच्या प्रयत्नांची वाट न पाहणारी माणसेही याच शहरात होती, एवढ्यासाठीच हा उल्लेख.

मध्य प्रदेशाच्या इतिहासातील ज्या गोष्टीकडे मराठी लेखकांचे फारसे लक्ष गेले नाही ती म्हणजे १ जानेवारी १९९७ पासून अमलात आलेली शिक्षण हमी योजना. तिचा नियम एका दमात सांगता येतो. ज्या वस्तीत एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि शिकण्याजोगी ४० मुले आहेत, तिने ग्रामपंचायतीमार्फत शाळा मागावी. मागणी आल्यापासून ९० दिवसांत सरकारने ती दिलीच पाहिजे. आदिवासी भागात ४० ऐवजी २५ मुले पुरत. येथे सक्तीने प्रथमच कूस बदलली. शंभर वर्षे सरकार बापाकडे मूल मागत होते. आता बाप सरकारकडे शाळा मागू लागला, आणि तीही मुदतीत. या योजनेचे दोष झाकण्याचे कारण नाही. वस्तीतलाच शिकलेला तरुण 'गुरुजी' म्हणून अल्प मानधनावर नेमायचा, इमारत असली तर असली, अशी ती स्वस्तातली शाळा होती. गरिबाच्या मुलाला गरीब शाळा हा आक्षेप रास्तच होता. तरीही हक्काची भाषा, जी १९४८ साली दिल्लीत गळाली, ती माळव्यातल्या आणि निमाडातल्या पाड्यांवर अशी उगवली, हे मला महत्त्वाचे वाटते.

उन्नीकृष्णन खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मूलभूत हक्क मानले. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला. आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याचे मर्म त्याच्या आठव्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. सक्तीचे शिक्षण म्हणजे शासनावरील बंधन, असे तेथे लिहिले आहे. प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे होणे, तिन्ही शासनाने पाहावयाचे. दहावे कलम पालकाचे कर्तव्य सांगते, पण ते चुकविल्यास शिक्षा सांगत नाही. कोल्हापूरचा तो रुपया अशा रीतीने माफ झाला.

पण शासन म्हणजे प्रत्यक्षात कोण? पालक दाराशी येतो तेव्हा सचिवालय पुढे येत नाही, मुख्याध्यापक येतो. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दहा वर्षांचे, कधी शाळा न पाहिलेले मूल आले तर त्याला वयानुरूप वर्गात घेऊन वेगळे शिकवून बरोबरीला आणायचे. तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असलेली शाळा व्यवस्थापन समिती चालवायची. केंद्राच्या नियमांनुसार तिचा निमंत्रक मुख्याध्यापकच. शाळा सोडल्याचा दाखला देण्यास त्याने विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई होईल, असे पाचवे कलम त्याचे पद घेऊन बजावते. फी थकली म्हणून दाखला अडवून ठेवण्याची जी जुनी खोड आपल्याकडे होती, तिच्यावर हा उपाय आवश्यकच होता. पण शिक्षकाची रिकामी जागा वेळेवर भरली नाही तर कोणत्या सचिवावर शिस्तभंगाची कारवाई होईल, हे मात्र कायदा सांगत नाही.

त्यानंतरच्या बदलांनी सक्ती पुन्हा फिरू लागली. मूळ सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा आणली. अनुत्तीर्णाला दोन महिन्यांत दुसरी संधी द्यायची आणि मग मागे ठेवायचे की नाही, हे त्या त्या सरकारवर सोपविले. मध्य प्रदेशाने २०२२-२३ पासून या दोन इयत्तांची परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर सुरू केली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या नियमांत बदल करून मागे राहिलेल्या मुलांची यादी शाळाप्रमुखाने ठेवावी व त्यांच्या प्रगतीवर स्वतः लक्ष द्यावे, असे घातले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. बाप सुटला, मूल आणि मास्तर परीक्षेला बसले.

त्याच निकालात आपल्या वाचकांशी जवळून निगडित असा दुसरा प्रश्न आहे. २०१२ च्या दुरुस्तीने वेदपाठशाळा, मदरसे व मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या. देवळाच्या आवारातील पाठशाळेला त्यामुळे चिंता नाही. पण देवस्थानाच्या वा ज्ञातिसंस्थेच्या पैशावर चालणारी साधी शाळा या सवलतीत बसत नाही. तिच्यापुढे वेगळे दार उघडले ते २०१४ च्या प्रमती खटल्याने: अनुच्छेद ३० खालील अल्पसंख्याक शाळांना, त्या अनुदानित असोत वा नसोत, शिक्षणहक्क कायदा लागू नाही. अल्पसंख्याक म्हणजे केवळ धर्माने नव्हे, भाषेनेही. आणि ते ठरते राज्यागणिक, हे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने स्पष्ट आहे. म्हणून पुण्यातली मराठी संस्था बहुसंख्याकांची, आणि इंदुरातली तीच मराठी संस्था अल्पसंख्याकांची. मंगळूर वा कोचीनच्या कोकणी संस्थेचेही तसेच. दुर्बल घटकांतील मुलांसाठी पहिल्या वर्गात एक चतुर्थांश जागा ठेवण्याचे बाराव्या कलमाचे बंधन त्यामुळे अशा संस्थेला टाळता येते. सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने प्रमतीच्या निर्णयाविषयीच शंका व्यक्त करून तो प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगितले.

वकील म्हणून कोणी विचारले तर ही सवलत मागता येते, असेच मी सांगेन. परंतु अनुच्छेद ३० चा हेतू आपली भाषा व आपली संस्था जगविणे हा आहे; शेजारच्या झोपडीतले मूल बाहेर ठेवणे हा नाही. इंदूरच्या मराठी शाळेत त्या मुलाची मातृभाषा बहुधा निमाडी, माळवी किंवा हिंदी असेल. ते आत आले तर मराठी बुडेल, असे म्हणणाऱ्यांना मराठीवर फार थोडा विश्वास असला पाहिजे. अनुच्छेद ३० संस्थेला अधिकार देतो. तो वापरलाच पाहिजे असे बंधन घालीत नाही. चतुर्थांश जागा आपण होऊन ठेवण्याचा ठराव विश्वस्त मंडळाच्या साध्या सभेत करता येतो, त्याला कोणत्याही पीठाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. खर्चाची तरतूद मात्र संस्थेने आपल्या गंगाजळीतून करण्याची तयारी ठेवावी, आणि प्रवेशाची यादी करणाऱ्या मुख्याध्यापकाला त्या ठरावाची प्रत सत्र सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावी.