लोखंडावरील जकात आणि जुन्नरचे कासार



नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. व्यापाऱ्यांनी त्यात जकातीची नाणी टाकावयाची, असे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. ही गोष्ट पुराव्याने सिद्ध करणे अवघड; पण ती खोटी ठरविण्याची मला घाई नाही. कल्याणहून जुन्नरला येणारा माल याच वाटेने वर चढत होता, आणि जेथे माल तेथे जकात हे ठरलेलेच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य व पोवळी यांच्या बरोबरीने तांबे, कथील आणि शिसे आहे. कल्याणची एक हकीकतही त्यात आहे. पूर्वी खुले असलेले हे बंदर पुढे अडविले गेले, आणि तेथे शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे बाहेरचा माल अडविण्याची विद्या आपल्याला इंग्रजांनी शिकविली असे नव्हे. मात्र तेथे कोणाचा धंदा राखावयाचा नव्हता. ती राजाराजांची चढाओढ होती.

आता जुन्नरच्या लेण्यांकडे वळू. तेथील एका लेखात धर्मादायाची ठेव वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवल्याचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांचा संघ. देवाधर्माचा पैसा निर्धास्तपणे सोपवावा, अशी या गावच्या कासारांची पत होती! परंतु कासे म्हणजे तांबे आणि कथील. आणि कथील काही दख्खनच्या काळ्या दगडात सापडत नाही. ते बाहेरूनच यावयाचे. मग एखाद्या सातवाहन राजाने परक्या धातूवर जबर जकात बसविली असती, तर जुन्नरच्या कासाराचे रक्षण झाले असते, की त्याची भट्टी विझली असती? हा प्रश्न मनात ठेवून आपण अठराशे वर्षे पुढे येऊ.

सह्याद्रीत लोखंड गाळणारे लोक होते. महाबळेश्वरच्या रानांतील धावड जांभ्या दगडातील लोखंड लाकडी कोळशावर गाळीत. एकोणिसाव्या शतकात एकीकडून जंगलाचे निर्बंध आले, दुसरीकडून आगबोटीने विलायती लोखंड आले, आणि धावडांच्या भट्ट्या थंड झाल्या. सरकारला त्याचे सुखदुःख नव्हते. 1894 साली सर्वसाधारण आयात मालावर 5 टक्के जकात बसली, तेव्हा लोखंड व पोलाद यांवर ती केवळ 1 टक्का ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे यांनी लोखंडाच्या धंद्यावर स्वतंत्र निबंध लिहून सरकारने या कामी पुढाकार घ्यावा असे सांगितले, ते याच सुमारास.

पुढे 1907 साली टाटांची कंपनी निघाली. स्वदेशीचा भर होता; मुंबईत तीन आठवड्यांत सुमारे 8,000 लोकांनी भांडवल पुरे केले. 1912 मध्ये पोलाद निघू लागले आणि पहिल्या महायुद्धात सरकारला त्याची किंमत कळली. युद्ध संपले आणि भाव कोसळले. बेल्जम व फ्रान्स यांच्या चलनांची किंमत घसरल्यामुळे तेथले पोलाद येथे मातीमोल विकले जाऊ लागले. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1922 साली निवडक धंद्यांना संरक्षण द्यावे अशी शिफारस केली, 1923 मध्ये टॅरिफ बोर्ड नेमले गेले, आणि 1924 साली पोलाद संरक्षणाचा कायदा झाला.

जकात वाढली की बोजा कोणावर? घोडेगाव-मंचरच्या बाजारात नांगराचा फाळ, कुळवाची पास, गाडीच्या चाकाची धाव घेणाऱ्यावर. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू लावून धरली. संरक्षणाचा लाभ भांडवलापाशीच थांबू नये, हा त्यांचा आग्रह होता. जकातीने पुरले नाही म्हणून तिजोरीतून अनुदानही द्यावे लागले. माझ्या मते अनुदानाची पद्धत अधिक प्रामाणिक होय. त्यात किती पैसे कोणाला दिले ते उघड दिसते. जकातीत ते फाळाच्या किमतीत लपून बसतात. पण तिजोरीच रिकामी असेल तर हा प्रामाणिकपणा परवडत नाही, हेही खरे. 1927 साली आणखी एक खोच निघाली. विलायती पोलादावर जकात कमी आणि इतर देशांच्या पोलादावर अधिक, असा भेद करण्यात आला. संरक्षण कोणाचे, हिंदी धंद्याचे की विलायतेचे, असा सवाल तेव्हा झाला तो काही उगाच नव्हे.

येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. 1910 साली औंध संस्थानात वसलेला त्यांचा कारखाना लोखंडी नांगर करी. महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या, असे सांगतात. लोखंड महागले किंवा मिळेनासे झाले, की नांगर घडविणारा कसा अडतो, हे त्यावरून दिसावे. टाटा लोखंड करणारे, किर्लोस्कर लोखंड वापरणारे, दोघेही स्वदेशी.

असे असले तरी 1924 चा कायदा चुकला, असे मी म्हणणार नाही. जमशेदपूरचा कारखाना त्या वर्षांत बुडाला असता तर भिलाईच्या वेळी आपल्याजवळ जाणती माणसे किती उरली असती? संरक्षणाला मुदत होती आणि मुदत संपताना चौकशी होती, हा त्यातला शहाणपणाचा भाग.

तीच मुदतीची कल्पना पुढे आंतरराष्ट्रीय झाली. 1947 च्या व्यापारविषयक कराराच्या एकोणिसाव्या कलमाने, आयात एकाएकी वाढून देशी धंद्याला गंभीर इजा होत असेल तर तात्पुरती अडवणूक करण्याची मुभा दिली. 1995 पासून तिला कडक नियम आहेत: इजा दाखविली पाहिजे, जकात क्रमाने उतरविली पाहिजे. या नियमांखाली भारताने 2025 च्या एप्रिलात सपाट पोलादाच्या काही प्रकारांवर 200 दिवसांसाठी 12 टक्के जकात बसविली. पोलाद गाळणारे कारखानदार समाधानी झाले. पत्रा विकत घेऊन त्याची अवजारे व सुटे भाग करणारे लहान कारखानदार कुरकुरले. त्यांचे म्हणणे ऐकताना मला जुन्नरच्या त्या लेखातील कासारांची श्रेणी आठवली. कथील महागले म्हणून धर्मादायाच्या ठेवीचे उत्पन्न चुकवावयाची सोय त्यांना नव्हती.