घसादुखीचा जंतू आणि त्याचे बदलते विष

१ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत नैसर्गिक निवडीचा सिद्धांत प्रथम वाचला गेला, तेव्हा चार्ल्स डार्विन तिथे हजर नव्हते. तीनच दिवसांपूर्वी त्यांचा दीड वर्षाचा मुलगा स्कार्लेट फीवरने दगावला होता.

घसा दुखणे, ताप, अंगावर खरखरीत लाल पुरळ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ अशी या आजाराची लक्षणे. त्या काळी युरोपात एकाच घरातली दोन-तीन मुले त्यात जात. पुढे तो सौम्य होत गेला, तेही पेनिसिलिन येण्याच्या कितीतरी आधी. असे का झाले असावे?

१९२३-२४ मध्ये शिकागोच्या जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या डॉक्टर दांपत्याने दाखवले की आजार स्ट्रेप्टोकोकस जंतूचा आहे, पण पुरळ उठते ते त्याने सोडलेल्या विषामुळे. (त्यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले, त्यावरून वादही झाला.) पण साध्या घसादुखीतही हाच जंतू सापडतो, मग पुरळ काहींनाच का? एक कारण रुग्णाची प्रतिकारशक्ती. दुसरे जास्त गमतीचे. १९८०च्या दशकात सिद्ध झाले की या विषाचे एक महत्त्वाचे जनुक जंतूला एका विषाणूकडून मिळते. हो, जंतूंनाही विषाणूंचा संसर्ग होतो! ज्या जंतूत असा विषाणू शिरतो, तो विष बनवू लागतो.

त्याच दशकाच्या अखेरीस धडधाकट माणसे स्ट्रेप्टोकोकसमुळे एक-दोन दिवसांत शॉकमध्ये जाऊ लागली. 'मपेट्स'चे जनक जिम हेन्सन १९९० मध्ये असेच गेले, वय अवघे ५३. जुने विष आता इतके घातक कसे झाले? २०१४ मध्ये ३,६१५ जंतूंची जनुकीय लिपी तपासून याचे बरेचसे उत्तर मिळाले. 'एम१' नावाच्या वाणात आधी विषाणूने विषाचे जनुक आणले. मग त्या जनुकातले एकच अक्षर बदलले आणि विषाचा प्रकार बदलला. शेवटी १९८३च्या सुमारास आणखी दोन विषे जोमाने बनवणारा तुकडा दुसऱ्या जंतूकडून आला, आणि हा वाण जगभर पसरला.

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्याचीच पुढची पिढी ओळखली. फरक फक्त २७ अक्षरांचा, पण स्कार्लेट फीवरचे ते जुने विष ती कितीतरी जास्त बनवते. पेनिसिलिनपुढे मात्र हा जंतू अजूनही नमतो. म्हणून तपासणीत स्ट्रेप्टोकोकस निघाला, तर दोन दिवसांत घसा बरा वाटला तरी डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करायला सांगतात.