औंढ्याची वाट आणि पंढरपूरचे जाते

औंढा नागनाथाच्या देवळात नंदी नेहमीच्या जागी नाही. तो मागच्या बाजूस आहे. लोककथा याचे कारण सांगते. नामदेवांचे कीर्तन दारापुढून उठवले गेले, ते देवळाच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर नामदेवांना भेटले तेही येथेच, अशी परंपरा आहे.

ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यातून निघणारा एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही: नामदेव औंढ्यास असताना पंढरपुरात त्यांच्या घरचे दळण कोण दळत होते?

खरे तर औंढ्याच्या या कथेची मुळेही घरकामाच्या वस्तूंतच आहेत. गोरोबा कुंभारांनी मडकी तपासायच्या थापटण्याने संतांची डोकी तपासली, त्यात नामदेव कच्चे ठरले, म्हणून ते गुरूच्या शोधात निघाले. आणि ज्या विसोबांकडे ते आले, त्यांना परंपरा आळंदीचे विसोबा चाटी मानते. आईबापांविना संसार चालवणाऱ्या चार भावंडांतील मुक्ताबाईला मांडे भाजायचे होते. तिला खापर मिळू नये म्हणून विसोबांनी कुंभारांना दटावले होते. एका पोरक्या घराची चूल अडवणारा माणूस पुढे औंढ्यास नामदेवांचा गुरू झाला.

आता पंढरपूर. गोदाकाठच्या गंगाखेडची जनी ही दमा आणि करुंड यांची मुलगी. आई गेल्यावर बालपणीच बापाने तिला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आणून सोडले, असे परंपरा सांगते. (१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत गंगाखेड आणि औंढा एकाच परभणी जिल्ह्यात होते. म्हणजे नामदेव ज्या मुलखात गुरू शोधायला गेले, त्याच मुलखातून ही मुलगी त्यांच्या घरी आली होती.)

दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई, पुढे नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे आणि त्यांच्या चार बायका. शिवाय बहीण आणि लेक. ही सारी माणसे अर्थातच एका वेळी एका पंगतीला नव्हती. तरीही घर मोठे होते, आणि त्या काळी मोठे घर म्हणजे मोठे दळण. पहाटेच्या अंधारात जाते, मग उखळात कांडण, सडा, सारवण, पाण्याच्या घागरी, धुणे, रानातून शेण गोळा करून गोवऱ्या थापणे. हे संपते तोवर दुसऱ्या दिवसाचे धान्य सुपात येऊन पडलेले असते.

यादवकाळातील शिलालेख जमिनी, दाने आणि देवळे नोंदवतात. दळणारी बाई तेथे भेटत नाही. ‘लीळाचरित्रा’त दैनंदिन जीवनाचे विपुल तपशील आहेत, पण ते इतरांनी सांगितलेले. राबणारीने आपल्या कामाबद्दल स्वतः बोलावे, हे जनाबाईच्या अभंगांत घडते. त्यांतील काही रचना नंतरच्या हातांनी तिच्या नावावर घातल्या असाव्यात. पण ‘नामयाची दासी’ ही मुद्रा लावण्यासाठी लोकांना राबणाऱ्या बाईचाच आवाज हवा होता, हेही इतिहासाच्या दृष्टीने कमी महत्त्वाचे नाही.

या अभंगांत विठ्ठल नेमका कोणत्या वेळी येतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

मोठ्या दळणाला दोघी लागतात. समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घातला की पाळी हलकी फिरते. एकटीने ओढायची तर खांदे भरून येतात. जनीच्या समोरची जागा रिकामी आहे, आणि देव तेथे येऊन बसतो.

न्हाण्याचे पाणी कढत आहे. त्यात थंड पाण्याचे विसण घालून देणारे कोणी नाही. देव घागर आणतो. केसांतला गुंता आणि उवा आपल्या आपल्याला काढता येत नाहीत, त्याला मागे बसणारे माणूस लागते. तेथेही देवच बसतो.

भाविकांनी याला चमत्कार म्हटले. पण ही कामे एका ओळीत मांडली की एकटेपणाची अत्यंत अचूक नोंद समोर येते. भरल्या घरात राहणाऱ्या या दासीला दुसऱ्या हाताची गरज जेथे जेथे पडली, तेथे तेथे कोणी नव्हते. इतके नेमके दुःख मांडणारी वाणी आपल्याकडे थोडी आहे.

एकटीवर संशय घेणेही सोपे असते. विठ्ठल रात्री जनीच्या खोपटात आला, जाताना आपले पदक विसरून तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी चोरीचा आळ जनीवर आला आणि तिला सुळावर द्यायचे ठरले, अशी कथा आहे. सुळाचे पाणी झाले, हा तिचा शेवट. सुरुवातीला मात्र चमत्कार काहीच नाही: वस्तू हरवली की आधी मोलकरणीकडे पाहायचे.

जाताजाता एक दुरुस्ती. गोवऱ्यांच्या भांडणात कबीर जनाबाईला भेटल्याची गोष्ट फार गोड आहे, पण कबीर पंधराव्या शतकातले. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. जनाबाईही परंपरेने १३५० मध्येच गेली. ही भेट शक्य नाही.

जनाबाई जात्यापासून मात्र दूर गेली नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांच्या तोंडी जनी वारंवार येते, ती संत म्हणून आणि दळायला बसलेली सोबतीण म्हणूनही. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते अजून दाखवले जाते.