इलेक्ट्रिक मोटार आणि घरचे चार्जिंग (भंडारा जिल्हा)

बाहेरून प्लग लावून भरलेल्या बॅटरीवरच चालते ती इलेक्ट्रिक मोटार. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही जिच्यात असतात ती हायब्रिड. भारतात सर्रास विकल्या जाणाऱ्या हायब्रिड गाड्यांना प्लग नसतो. त्यांची लहानशी बॅटरी इंजिनाकडून आणि ब्रेक लावताना वाचलेल्या ऊर्जेतून भरते. म्हणून घरी चार्जिंगची सोय करण्याचा प्रश्न इलेक्ट्रिक मोटारीच्या मालकापुढेच येतो. भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला गाडीच्या निवडीपेक्षा अधिक वजन आहे. इथे गाडी बुक करण्याआधी घरचे मीटर, वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे सात तालुके उरले. दवाखाना, कॉलेज, लग्नाची खरेदी, विमानतळ अशा कामांसाठी जिल्ह्याची ओढ नागपूरकडे आहे. भंडारा शहरापासून नागपूर राष्ट्रीय महामार्ग ५३ ने सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२० ते १३०. कंपनीने जाहीर केलेला पल्ला प्रत्यक्षात बराच कमी भरतो, हे धरूनही टियागो ईव्हीसारखी २४ किलोवॉट-तास बॅटरीची गाडी ही फेरी मध्ये कुठेही न थांबता पूर्ण करते. साकोली किंवा लाखांदूरहून निघणाऱ्याला मात्र मोठी बॅटरी तरी हवी, नाहीतर नागपुरात तासभर चार्जिंग तरी. जिल्ह्यात स्वतःच्या जागेवरचे, पुढे अंगण किंवा मागे सांदवाडी असलेले घर ही सर्वसाधारण रीत आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटधारकाला पार्किंगमध्ये एक सॉकेट बसवण्यासाठी सोसायटीच्या संमतीमागे धावावे लागते. भंडाऱ्याच्या घरमालकाला तो त्रास नाही, आणि ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे.

सार्वजनिक चार्जिंगवर विसंबून राहिल्यास काय होते, याचा धडा शेजारच्या नागपुरानेच देशाला दिला. २६ मे २०१७ रोजी तिथे ओला आणि महिंद्र यांनी सुमारे २०० इलेक्ट्रिक वाहनांचा प्रकल्प सुरू केला. त्यात टॅक्सी, ई-रिक्षा आणि बस होत्या. त्याच वर्षी इंडियन ऑइलने नागपुरातील एका पेट्रोल पंपावर चार्जिंग केंद्र उघडले. पुढच्या काही महिन्यांतच चालक चार्जिंगच्या रांगांना कंटाळले आणि काहींनी गाड्या परत केल्या. त्या गाड्या सतत रस्त्यावर असत आणि चालकांना रात्री घरी भरून घेण्याची सोय नव्हती. घरगुती मालकाचे तसे नसते. त्याची गाडी दिवसातले वीस-बावीस तास उभीच असते, आणि तो वेळ घरच्या संथ चार्जिंगला पुरून उरतो.

घरी वीज भरण्याचे मार्ग दोन. पहिला, गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर १५ अँपियरच्या पॉवर प्लगला लावणे. त्यातून सुमारे ३ किलोवॉट मिळतात. नागपूरची एक फेरी, म्हणजे चार्जिंगमधली गळती धरून साधारण २० युनिट, सहा-सात तासांत भरून निघते. दुसरा मार्ग भिंतीवर बसवायच्या ७.२ किलोवॉटच्या वॉलबॉक्सचा. तो ३२ अँपियर घेतो आणि तेच काम तीन तासांत उरकतो. बहुतेक कुटुंबांना पहिला मार्ग पुरतो, तरी घाईघाईने वॉलबॉक्स घेतला जातो. रोज शंभर किलोमीटरहून अधिक धावणाऱ्यानेच त्याचा विचार करावा.

याचे कारण मीटरमध्ये आहे. राज्याच्या वीजपुरवठा संहितेनुसार सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपियर आहे. त्यातले ३२ वॉलबॉक्सने घेतले तर उरलेल्या आठात कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर आणि इस्त्री बसवायची. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात ते जमणारे नाही. म्हणून वॉलबॉक्स म्हणजे बहुधा थ्री फेज जोडणी, आणि थ्री फेज म्हणजे नवी सर्व्हिस वायर, नवे मीटर. पोर्टेबल चार्जरसाठीही मंजूर भार पाहावाच लागतो. जुन्या घरांच्या बिलावर तो एखाददुसरा किलोवॉट इतकाच असतो. महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घेणे हे पहिले काम आहे. डीपीवर (आपल्या भागाच्या रोहित्रावर) आधीच किती घरे आहेत, याचाही अंदाज त्या निमित्ताने येतो. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीने तो हक्क ग्राहकाला दिला. त्याच दुरुस्तीने नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी कमी केली. आपल्याच घरी आपली गाडी भरायला कोणताही परवाना लागत नाही. ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजीच ते स्पष्ट केले आहे.

यानंतर येते अर्थिंग, आणि बहुतेक अडचणी इथेच निघतात. चार्जर वीज सोडण्याआधी गाडीशी एका छोट्या संकेताने बोलतो आणि संरक्षक अर्थ जागेवर आहे का, हे तपासतो. अर्थ नसेल किंवा कमजोर असेल तर गाडी चार्जिंग घेतच नाही; लाल दिवा लागतो आणि मालकाला वाटते की गाडी बिघडली. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेची वायर कुठेच जोडलेली नसते. काही वायरमन अशा वेळी सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून देतात. गाडी चार्ज होऊ लागते, पण बाहेरचा न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. ही तडजोड जीवघेणी आहे आणि ती कोणीही स्वीकारू नये. गाडीसाठी कोळसा-मीठ घातलेला किंवा केमिकलचा वेगळा अर्थिंग खड्डा घ्यावा आणि त्याचा रोध ५ ओहमच्या आत असल्याचे मोजून घ्यावे. मे महिन्यात जमीन सुकली की हा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडावे लागते.

मीटरपासून चार्जरपर्यंत दुसरे काहीही न जोडलेली स्वतंत्र लाईन हवी: १५ अँपियरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपियरला किमान ६ ची, अंतर लांब असेल तर १० ची. घरातला साधा पॉवर प्लग गिझरसाठी अर्धा तास चालतो. सहा-सात तास सलग पूर्ण भार घेतला की तो तापतो, काळवंडतो. त्या जागी निळा इंडस्ट्रियल सॉकेट चांगला. शिवाय योग्य एमसीबी आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीला तुटणारा आरसीसीबी, तोही गाडीच्या चार्जिंगला चालणाऱ्या प्रकारचा, लावलाच पाहिजे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेऊन चाचणी अहवाल हाती ठेवावा.

शेतावर घर असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. उन्हाळी धानाला पाणी देण्याच्या दिवसांत पंपांमुळे लाईनच्या टोकाकडे व्होल्टेज पडते, आणि १८० च्या आसपास आल्यावर अनेक चार्जर आपणहून थांबतात. अशा ठिकाणी चार्जरवरचा अँपियर कमी करून ठेवणे, म्हणजे १५ ऐवजी १० वर चालवणे, हा साधा आणि चालणारा उपाय आहे.

खर्चाचा हिशेब असा. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी लहान गाडी सुमारे १६० युनिट खाते. घरच्या जोडणीवर गाडी भरली तर घरगुतीच दर लागतो, पण महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत. १०० युनिटांपर्यंतचा टप्पा स्वस्त, त्यापुढचा ३०० पर्यंतचा जवळपास दुप्पट. गाडीची वीज नेहमी वरच्या टप्प्यात बसते, म्हणून हिशेब सरासरी दराने करू नये. युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याचे दोन हजारांच्या आतच होतात. तेवढ्याच अंतराला पेट्रोल गाडी साठेक लिटर पेट्रोल घेते, आणि राज्यात पेट्रोल लिटरला शंभरीपार आहे.

रात्री चार्ज करणे स्वस्त पडते, ही परदेशातून आलेली समजूत इथे तपासून पाहावी लागते. जुलै २०२५ पासून लागू केलेल्या दररचनेत टीओडी (वापराच्या वेळेनुसार नोंद करणारे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत सवलत ठेवली आहे, कारण त्या वेळी सौर वीज मुबलक असते. छतावर पॅनेल असेल तर दिवसाचे चार्जिंग आणखी सोयीचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याहून अधिकला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉट पॅनेल महिन्याला सुमारे १२० युनिट देते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या गाडीसाठी दीड किलोवॉट पुरतो. श्रावणातल्या ढगाळ दिवसांत उत्पादन घटते, ते नेट मीटरिंगमध्ये आधी जमलेल्या युनिटांतून भरून काढता येते. पॅनेल नसलेल्या घरात गाडीच्या बॅटरीत येणारी वीज बव्हंशी कोळशाची असते. तिरोड्याचे ३,३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र एकेकाळी याच जिल्ह्याचा भाग असलेल्या भूमीवर उभे आहे. गाडीच्या मागे धूर नाही म्हणून तो कुठेच नाही, असे कोणी मानू नये.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हातून धावून आलेली गाडी लगेच प्लगला लावू नये. बॅटरी थंड ठेवण्यातच बरीच वीज जाते. सवलतीची वेळ आणि ऊन यांचा मेळ घालायचा तर सकाळी ९ ते १२ हा वेळ उत्तम: पोर्टेबल चार्जरवरही तेवढ्यात साठेक किलोमीटरची वीज येते. गाडी पडवीत किंवा झाडाखाली असावी. टाटाच्या गाड्यांत असणारी लोह-फॉस्फेटची बॅटरी उष्णतेला अधिक सोशिक आहे. महिंद्रच्या एक्सयूव्ही ४०० मधली बॅटरी निकेल, मँगेनीज आणि कोबाल्टची. मँगेनीज तर जिल्ह्याच्याच पोटात आहे: तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइल या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत, आणि डोंगरी बुजुर्गला इलेक्ट्रोलिटिक मँगेनीज डायऑक्साइडचा कारखाना १९९० च्या दशकापासून कोरड्या सेलसाठी माल बनवतो आहे. मोटारीच्या बॅटरीला लागणाऱ्या मँगेनीजला वेगळ्या शुद्धीकरणातून जावे लागते. तो उद्योग इथे उभा राहावा, अशी मागणी जिल्ह्याने जोर लावून करायला हवी.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरातल्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदीकाठच्या घरांत चार्जर आणि त्याचा एमसीबी बोर्ड त्या पुराच्या खुणेच्या वर बसवावा. पाण्यात बुडालेली गाडी बॅटरी सीलबंद असली तरी तपासल्याशिवाय चालू किंवा चार्ज करू नये. मृगाच्या आगेमागे विजा कडाडतात, त्यासाठी बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर हवा आणि वादळ आले की प्लग काढून ठेवावा.

भंडाऱ्यात नोंदलेली खाजगी इलेक्ट्रिक गाडी हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एमएच ३६ लावते. अशा गाड्यांवर जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे, आणि राज्याचा मोटार वाहन कर माफ आहे. २०२५ च्या राज्य धोरणाने समृद्धी महामार्गावरचा टोलही त्यांना माफ केला, आणि तो त्याच वर्षी ऑगस्टपासून अमलात आला. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर जाणाऱ्याला ही मोठी बचत आहे. सार्वजनिक फास्ट चार्जरवरची वीज मात्र घरच्यापेक्षा दीडपट-दुप्पट महाग पडते.

हायब्रिडला या सवलती नाहीत. २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या हायब्रिड आवृत्त्यांचे जाहीर मायलेज लिटरला सुमारे २८ किलोमीटर आहे, पण चार मीटरहून लांब असल्याने त्यांच्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे आणि राज्याचा करही पूर्ण. भाड्याच्या घरात राहणारा, घरमालक सॉकेट बसवू देत नाही असा नोकरदार, किंवा रायपूरला वरचेवर सव्वादोनशे किलोमीटर जाणारा धानाचा व्यापारी यांच्यासाठी ती तरीही शहाणी निवड आहे. स्वतःचे घर आणि नागपूरची नेहमीची फेरी असणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. घरात जुनी पेट्रोल गाडी असेल तर ती लांबच्या प्रवासाला ठेवून रोजच्यासाठी लहान इलेक्ट्रिक घ्यावी. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ च्या अधिसूचनेने इलेक्ट्रिकला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सूट दिली. विमा काढताना ती हप्त्यात धरली आहे का, ते पाहून घ्यावे.