स्कल्प्टी : पूर्वदर्शन आणि रूपांतर

स्कल्प्टी : ‘सेकंड लाइफ’ या आभासी विश्वातील एक वस्तुप्रकार, पूर्ण नाव स्कल्प्टेड प्रिम. तिचा त्रिमित आकार एका छोट्या रंगीत चित्रात साठवलेला असतो. ते चित्र नुसत्या डोळ्यांनी पाहून वस्तू बूट आहे की आंबा, हे सांगता येत नाही. त्यामुळे आकार आधी पाहून घेणारी आणि तो इतर प्रोग्रॅमना कळेल अशा रूपात आणणारी साधने तिच्या जोडीनेच वाढली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने सेकंड लाइफ २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. तिथली घरे, कपाटे, दागिने रहिवाशांनीच घडवायचे, तेही ठोकळा, गोल, नळकांडे, कडे अशा मोजक्या आकारांतून. हे आकार म्हणजे प्रिम. एका जागेवर किती प्रिम ठेवता येतील याला मर्यादा होती, आणि केसांचे एक झुलूप जुळवायचे तरी प्रिमचा ढीग खर्ची पडे. २००७ मध्ये स्कल्प्टी आली. तिचा आकार कितीही वळणदार असो, हिशेबात ती एकच प्रिम धरली जाई.

रचना सोपी आहे. प्रत्येक पिक्सेल म्हणजे पृष्ठभागावरचा एक बिंदू : लाल रंगाचे मूल्य एक्स अक्षावरचे स्थान सांगते, हिरव्याचे वायवरचे, निळ्याचे झेडवरचे. लाल २५५, हिरवा १२८, निळा ० असा पिक्सेल वस्तूच्या एका कडेला, रुंदीच्या मधोमध आणि तळाशी बसतो. चित्र सहसा ६४ × ६४ पिक्सेलचे असते; त्यातून जवळून पाहताना ३२ × ३२ चौकटींची जाळी तयार होते. प्रत्येक अक्षावर २५६ पायऱ्याच असल्यामुळे १० मीटर लांबीच्या वस्तूत दोन पायऱ्यांमधले अंतर सुमारे ४ सेंटिमीटर पडते. एवढ्या मोठ्या वस्तूवर बारीक नक्षी उमटत नाही ती यामुळेच.

चित्र अपलोड करायला दर वेळी १० लिंडन डॉलर पडत. रक्कम किरकोळ, पण दहादा चुकल्यावर जाणवणारी. म्हणून अपलोडच्या खिडकीतच स्कल्प्टीचे पूर्वदर्शन दिलेले होते. घडवण्यासाठी मात्र बाहेरची साधने लागत. जपानी ‘रोकुरो’मध्ये रेघ ओढली की ती लेथवर फिरवल्यासारखी गोल वस्तू होई, त्याच मालिकेतले ‘तोकोरोतेन’ एखादा छेद पुढे खेचून आकार देई. माया, ब्लेंडर आणि विंग्ज थ्रीडीसाठी निर्यातीच्या स्क्रिप्टही होत्या.

चांगल्या पूर्वदर्शकाला फक्त बिंदू मांडून भागत नाही. जाळीच्या कडा गोल, कडे, नळकांडे की सपाट पत्रा यांपैकी कशासारख्या शिवायच्या, हे त्याला विचारावे लागते; गोलाच्या पद्धतीत वरची अख्खी ओळ एका टोकात मिटते. पाहणारा दूर गेला की जाळी विरळ होते, तेव्हा जवळून रेखीव दिसणारे नाक लांबून चेपलेले दिसते. तीही अवस्था दाखवावी लागते. जेपेग २००० पद्धतीच्या दाबणीत रंग किंचित हलले, तरी गुळगुळीत पृष्ठभागावर टेंगळे येत. त्यावर तोडगा म्हणून लहान चित्रांसाठी दर्जा न गमावणाऱ्या अपलोडची सोय झाली.

रूपांतर दोन दिशांनी होते. चित्राकडून मेशकडे, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीकडे, जाताना पिक्सेल वाचायचे, बिंदू मोजायचे, त्रिकोण जोडायचे आणि ओबीजे किंवा कोलाडा फाइल लिहायची. अडचण अक्षांची येते : सेकंड लाइफमध्ये झेड वर, तर अनेक प्रोग्रॅममध्ये वाय; दुरुस्ती राहिली की पुतळा पाठीवर आडवा पडतो. उलट दिशा जास्त कठीण. कोणत्याही मेशचा पृष्ठभाग आधी चौकोनी जाळीत उलगडावा लागतो. कपाच्या कानासारखे भोक असेल, तर सहसा दोन स्कल्प्टी लागतात. ओपनसिम्युलेटर या खुल्या सर्व्हरसाठी लिहिलेली प्रिममेशर ही सी-शार्प लायब्ररी चित्रावरून थेट मेश तयार करते.

ऑगस्ट २०११ मध्ये सेकंड लाइफने कोलाडा मेश स्वीकारायला सुरुवात केली आणि नव्या कामात स्कल्प्टी मागे पडली. जुन्या वस्तूंसाठी रूपांतराची गरज उरली, पण तिला हक्कांची चौकट आहे. लिंडन लॅबने २०१० मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार बाहेरच्या व्ह्यूअरनी (सेकंड लाइफ पाहण्याच्या प्रोग्रॅमनी) वापरणारा स्वतःच निर्माता आहे याची खात्री करूनच वस्तू निर्यात करू द्यायची असते. फायरस्टॉर्म व्ह्यूअरची कोलाडा निर्यातही निर्मात्याचे नाव तपासते.